मांगरातले ट्रॅक्टर

गोव्यात मये गाव मागे टाकलं की नार्व्याकडे जाताना एक लांब उतार लागतो. तिथे पॅडल मारावं लागत नाही, त्यामुळे कान मोकळे असतात. नोव्हेंबरातला रविवार होता, भात कापून झालेलं, हवेत ओलसर पेंढ्याचा वास, आणि एका वळणावर गडग्यापलीकडून जड डिझेल इंजिनाचा आवाज आला. पंपाचा नव्हे, खनिज वाहणाऱ्या टिपरचाही नव्हे. सायकल गडग्याला टेकवून मी आत डोकावले. फणसाच्या सावलीत, पत्र्याच्या मांगरात, रंग विटून विटकरी झालेला महिंद्राचा बी-275 ट्रॅक्टर उभा होता. सायलेन्सरच्या उभ्या नळीत पाणी जाऊ नये म्हणून वर पालथी घालतात ती करवंटी काढून मडगार्डवर ठेवलेली. सीटवर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, लुंगी आणि बनियनमध्ये, डोळे इंजिनाकडे नव्हे तर मागे नांगराकडे. त्यांनी लिव्हर ओढला. नांगर जमिनीपासून सुटला, वर गेला, तिथे थांबला. ते बघत राहिले. मग खाली. पुन्हा वर. असं काही वेळा झाल्यावर त्यांनी स्टॉपची तार ओढली, खाली उतरले, नळी निवेपर्यंत तिथेच उभे राहिले आणि करवंटी पुन्हा जागेवर ठेवली.

“काका, आज नांगरणी काढलीय?” मी विचारलं.

“नाही बाय. दर आयतारी असाच चालू करतो.”

“मग नांगर कशाला उचलायचा?”

“वजन उचलत राहिलं पाहिजे. नाही तर लिफ्ट विसरते.”

शेत कुठे आहे विचारल्यावर त्यांनी घराच्या उताराखाली हात केला. तिथे पाणी चमकत होतं आणि पाण्यात माणसाच्या उंचीची खारफुटी उभी होती.

ते एक वाक्य माझ्याबरोबर नार्व्याच्या फेरीबोटीत चढलं आणि पुढे दिवाडी बेटभर पाठ सोडेना. ज्या नांगराला उतरायला जमीन नाही, तो नांगर हा माणूस दर आठवड्याला उचलून पाहतो. त्यांच्या बोलण्यात दुःखाचा सूर असता तर मी हळहळून पुढे गेले असते. पण ते अगदी कामाचं बोलत होते. लिफ्टमधलं तेल बसून राहिलं की आतल्या रबरी रिंगा सुकतात, मग उचललेलं वजन धरवत नाही, नांगर आपोआप खाली सरकायला लागतो. रिंगा सुकू द्यायच्या नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या दिवसापासून मला गोव्यात जिकडे तिकडे ट्रॅक्टर दिसायला लागले. आधीही ते होतेच. गाडीतून जाताना गडग्याच्या वरून फक्त माडांचे शेंडे दिसतात. सायकलवर बसल्यावर नजर बरोबर गडग्याच्या कडेवर येते आणि वेगही असा की घराच्या मागच्या बाजूचं काय काय नजरेत भरतं. तुळशीवृंदावन, लाकडांची रास, वाळत घातलेली सुपारी, आणि त्यापलीकडे निळ्या ताडपत्रीखाली एक ओळखीचा आकार: पुढे लहान चाकं, मागे मोठी, मधे कमरेसारखा बारीक भाग. ताडपत्री वाऱ्यानं उडालेली असेल तर बोनेटवरचं नावही वाचता येतं. फोर्ड, मॅसी फर्ग्युसन, एस्कॉर्ट्स, एचएमटी. नंबरप्लेट असलीच तर जीडीनं सुरू होणारी, म्हणजे आपलं राज्य गोवा, दमण आणि दीव असं एकत्र होतं त्या काळातली.

माझं आजोळ सत्तरी तालुक्यातलं. मामांकडे बैल होते आणि ट्रॅक्टर हा भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा. आषाढाच्या तोंडावर तो एक दिवस आमच्या मळ्यात यायचा. लांबून आवाज लागला की आम्ही पोरं मेरेवर, शेताच्या बांधावर, जाऊन उभी राहायचो. लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावलेला तो लाल ट्रॅक्टर चिखलात उतरला की तपकिरी पाणी दोन्ही बाजूंनी उसळायचं, मागे बगळ्यांची रांग, आणि डिझेल, चिखल, कुजलेलं गवत यांचा मिळून एक वास, जो मला आजही जूनमध्ये कुठेही आला तरी मी थांबते. पण त्या दिवसातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते ट्रॅक्टर निघून गेल्यानंतरचं. ट्रॅक्टरला वळायला जागा लागते, त्यामुळे प्रत्येक कुणग्याचे, म्हणजे भातखाचराचे, कोपरे तसेच राहायचे. मग आजी आणि मामी गुडघ्यावर लुगडं खोचून, कुदळ घेऊन कोपरे खणायला उतरायच्या. यंत्रानं तासाभरात मळा पालथा घातला आणि चार कोपऱ्यांना दोन बायकांची उरलेली दुपार गेली. मामा ट्रॅक्टरवर नाराज असायचे, कारण तो वळताना मेर चेचतो, आणि चेचलेली मेर पाणी धरत नाही. बैल कोपऱ्यात जातो, असं ते म्हणायचे. खरंच होतं ते. पुढे आपल्याकडे मागून चालत हाकायचा छोटा पॉवर टिलरच जास्त चालला तो याच कारणानं: वाटण्या होऊन तुकडे झालेल्या कुणग्यांत ट्रॅक्टरला फिरायला जागाच कुठे उरली?

लिफ्टचं एवढं महत्त्व का, हे मला नंतर वाचून आणि मेस्त्रींना विचारून कळलं. पूर्वीच्या ट्रॅक्टरांना नांगर मागून नुसता अडकवलेला असे. फाळ एखाद्या मुळाला किंवा दगडाला अडला की मागची चाकं फिरतच राहायची, पुढचा भाग उचलला जायचा आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं 1920च्या दशकात नांगर तीन दांड्यांवर जोडायची रीत काढली: खाली दोन, वर एक, आणि उचलायला तेलाच्या दाबावर चालणारी लिफ्ट. जमीन नांगराला जितका विरोध करेल तितका वरची दांडी ट्रॅक्टरचं नाक खाली दाबते आणि मागच्या चाकांवर भार येतो. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करू लागला. 1946 ते 1956 या काळात इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीत त्याचे राखाडी रंगाचे टीई-20 पाच लाखांहून जास्त बनले. आज शोरूममधला कुठलाही नवा ट्रॅक्टर मागून पाहा, त्याच तीन दांड्या आहेत. आपल्या जांभ्याच्या जमिनीत, जिथे वितीवर दगड लागतो, तिथे या तीन दांड्यांनी किती जणांचा जीव वाचवला असेल! नार्व्याच्या वाटेवरच्या काकांची नजर इंजिनाऐवजी मागे का खिळलेली होती, ते मला तेव्हा उमगलं.

त्यांचा बी-275 हा मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा. इंग्लंडात डॉनकास्टरच्या कारखान्यात तो बनत असे. महिंद्रानं 1963 साली त्या कंपनीशी भागीदारी केली आणि तो मुंबईत कांदिवलीला बनायला लागला. 275 हा आकडा महिंद्राच्या नव्या बोनेटवर आजही दिसतो. काकांचा मात्र त्यातला जुना. चालू करायला आधी हीटर तापवावा लागतो, मनात आकडे मोजावे लागतात, मग सेल्फ. भाटकाराकडे ते ड्रायव्हर होते. भाटकारानं शेती सोडली तेव्हा पगाराच्या थकबाकीपोटी ट्रॅक्टर त्यांच्या दारात आला. कूळ कायद्यानं जमीन आधीच नावावर झालेली होती. ट्रॅक्टरही आला तेव्हा, ते म्हणाले, “घरात मी सोडून सगळ्यांनी त्याला हळद-कुंकू लावलं. माझे हात ग्रीसचे होते.”

आणि मग बांध फुटला. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन; ती राखणं म्हणजे काय ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. भरतीचा दाब आला की मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपेची, दारं आपसूक मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी बाहेर जातं. ना मोटर, ना वीज. पण बांधाला कुर्ल्या भोकं पाडतात, ती वर्षाच्या वर्षाला बुजवावी लागतात. खनिजाच्या बार्जा मांडवीतून जायच्या तेव्हा त्यांच्या लाटा बांध खात होत्या, अशी तक्रार काठावरच्या गावांतून कायम ऐकू यायची. पूर्वी भोक दिसलं की गावच उतरायचा. आता अर्ध्या कुळांची मुलं आखातात किंवा बोटीवर, उरलेल्यांची पणजीत. एका भरतीला भगदाड पडलं, खारं पाणी आत आलं, ते राहिलं, आणि त्यात खारफुटी रुजली. खारफुटीला कायद्यानं हात लावता येत नाही. तसा तो कायदा योग्यच आहे, मी स्वतः खारफुटीच्या बाजूची आहे, चोडणच्या पक्षी अभयारण्यात शिरताना मला तीच झाडं पाहून हायसं वाटतं. पण इथे उताराखालच्या त्या हिरव्या भिंतीकडे बघताना मला एकाच वेळी दोन्ही खरं वाटत होतं, आणि त्यातलं एकही मला सोडवत नव्हतं.

खारं पाणी शिरलं म्हणजे जमीन कायमची गेली असंही नाही. बांध धरला तर दोन-चार पावसाळ्यांत मीठ धुऊन जातं, आणि कोरगुट हे इथलं जुनं भात तर खारट जमिनीत तगतंच. जुन्या गोव्याजवळ एल्याच्या कृषी संशोधन संस्थेनं कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान’चे काही वाण काढले आहेत. काकांना हे सगळं पाठ होतं. त्यांना अडत होतं ते एकट्यानं बांध धरता येत नाही इथे.

त्यानंतर मी जिथे जिथे थांबले तिथे मालकांना एकच विचारत गेले: हा उभा का राहिला? यंत्र म्हातारं झालं म्हणून थांबलं, असं अजून एकानंही सांगितलं नाही. बांध फुटला. भावाभावांत वाटणी झाली आणि ट्रॅक्टर कोणाचा ते ठरेना. चालवणारा वारला. डिचोली तालुक्यात तर एका आजींनी सांगितलं की खाणीच्या मातीनं मळा भरला, लालभडक गाळ, त्यात तरवाही (भाताची रोपं) धरेना. त्याच सुमाराला घराघरात टिपर आले. बैल विकून टिपर, ट्रॅक्टर बाजूला सारून टिपर. 2012 साली खाणी थांबल्या, पुढे 2018च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि मग टिपरही दारात उभे राहिले. आजींच्या अंगणात मी दोन्ही एकमेकांना लागून पाहिले. टिपरवर वेली चढलेल्या, आणि शेजारी त्याच्याहून कितीतरी आधीचा एस्कॉर्ट्स, चाकांखाली जांभ्याचे चिरे लावून टायर जमिनीपासून उचलून ठेवलेला. टिपरची कोणी एवढी काळजी घेतली नव्हती. चिरे कोणी लावले विचारल्यावर आजी म्हणाल्या, “यांनीच. जायच्या आदल्या वर्षी.”

पेडणे तालुक्यात किनाऱ्याजवळ एका रेस्टॉरंटच्या दारात एकदा मला आयशर दिसला. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचाच, फरिदाबादचा, 1959 सालचा. हा त्याच्या पुढच्या पिढीतला, एकाच सिलिंडरचा, वाऱ्यानं थंड होणाऱ्या इंजिनाचा. रेडिएटर नाही, पाणी नाही, सिलिंडरवर नुसते कल्ले. त्याला आकाशी रंग दिला होता, सीटवर कुंडी, कल्ल्यांमध्ये बारीक दिव्यांची माळ. मुलं चढून फोटो काढत होती आणि खूश होती. भंगारवाल्याच्या कटरखाली गेला असता, त्यापेक्षा हे बरं, असं मी स्वतःला समजावत त्याच्याभोवती फिरले. मग खाली वाकून पाहिलं. डिझेल पंप काढून घेतलेला, त्या जागी तोंड उघडं, आत ओली माती. मागची चाकं अर्धी सिमेंटमध्ये. मला तिथे बसून चहा घेववला नाही. त्या मालकाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यानं पैसे मोजून घेतला आणि जपला त्याच्या परीनं. पण सिमेंटमधून तो आता कोणालाच काढता येणार नाही, हे मला फार लागलं. नार्व्याचा ट्रॅक्टर चिखलात उतरत नाही, तरी तो उतरू शकतो. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणि वाळपईच्या पुढे, जिथे रस्ता कुळागरांच्या, सुपारीच्या बागांच्या, सावलीत शिरतो, तिथे एक एचएमटी मला समोरून येताना भेटला. आधी आवाज. उखळात दोघींनी आळीपाळीनं मुसळ घालावं तसा, दोन सिलिंडरांचा. मागे ट्रॉलीत भाताची पोती आणि पोत्यांवर एक मुलगी शाळेच्या गणवेशात. हा 2511, पंचवीस अश्वशक्तीचा, मूळ चेकोस्लोव्हाकियातल्या झेटरचा. एचएमटीनं 1971 पासून पिंजोरला बनवला. झेटरनं त्या मालिकेत दोन, तीन, चार सिलिंडरचे ट्रॅक्टर काढले, पण पिस्टनपासून कितीतरी भाग एकच ठेवले. म्हणून एकाचं दुसऱ्याला चालतं, म्हणूनच ते अजून रस्त्यावर आहेत. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग 2016 साली बंद झाला, पण ही बातमी त्या ट्रॅक्टरपर्यंत पोचलेली दिसली नाही. चालवणारा तरुण तिशीतला होता. मी हात केल्यावर थांबला, इंजिन मात्र बंद केलं नाही. बॅटरी उतरलेली होती, सकाळी उतारावरून ढकलून चालू केला होता, आता रात्रीपर्यंत बंद करायचा नाही, असं म्हणाला. “नवीन घेऊन हप्ते भरायचे तर मला बारा महिने भाडी लागतील. याचे हप्ते आजोबांनीच फेडलेत.” सायकलला लटकवलेल्या पिशव्यांकडे बघून त्यानं मला पोत्यांवर बसायला जागा दाखवली, चढ मोठा आहे म्हणाला. मी सायकलसकट वर चढले आणि त्या मुलीशेजारी बसून तो सगळा चढ डिझेलच्या धुरात पार केला.

त्यानंच मला सत्तरीतल्या होंडा गावच्या मेस्त्रींचा पत्ता सांगितला. नाक्यापासून आत, रबराच्या बागेला लागून त्यांची शेड आहे. उमेदीची वर्षं त्यांनी खाणीवरच्या यंत्रांवर काढली, खाणी थांबल्या तेव्हा गावाकडचे ट्रॅक्टर हाती घेतले. भिंतीवर गॅस्केटांचे जोड खिळ्यांना टांगलेले, प्रत्येकावर खडूनं नाव. ऑइलचे डबे, नोझल तपासायचं हातानं दाबायचं यंत्र, आणि एका पाटावर सुटे केलेले इंजेक्टर ओळीनं, ज्या सिलिंडरचा त्याच क्रमानं. मी गेले तेव्हा ते एका मॅसीची एअर काढत होते. टाकीत डिझेल संपलं की नळीत हवा शिरते आणि मग कितीही सेल्फ मारला तरी चालू होत नाही; पंपावरचा बोल्ट सैल करून, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल येईपर्यंत प्रायमर दाबत राहायचं. जुने ट्रॅक्टर लोक याच कारणानं सोडून देतात, ते म्हणाले. चालू होत नाही म्हणजे इंजिन बसलं, असं धरून भंगारवाल्याला फोन. येऊन पाहिलं तर दहा मिनिटांचं काम असतं.

भाग ते बेळगावहून मागवतात. चोर्ला घाटातून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे पुडकं देतात, संध्याकाळी नाक्यावर मिळतं. बी-275चे भाग मुबलक आहेत, मॅसीचे तर कुठेही. एचएमटीचे शोधावे लागतात, एका सिलिंडरच्या आयशरचे अजून मिळतात. फोर्डच्या हायड्रॉलिकला मात्र हल्ली त्रास होतो, त्यासाठी त्यांनी एक फोर्ड उघडून ठेवलाय आणि त्याचेच भाग ते इतरांना देताहेत. मी त्यांना लिफ्ट विसरते का ते विचारलं. ते हसले नाहीत. हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाले, “कोणी सांगितलं? बरोबर सांगितलं. पण तेल बदलायला सांगा त्यांना. पावसाळ्याची वाफ धरते तेलात, पांढरं होतं. पांढरं झालं असेल तर नुसतं उचलून उपयोग नाही.”

हा निरोप मी नार्व्याला पोचवला आहे. काकांनी झाकण काढून पट्टी बाहेर ओढली, बोटावर तेल घेतलं, उजेडात धरलं. थोडं दुधी होतं. आता पुढच्या आयतारी मेस्त्री स्वतः येणार आहेत, आणि दिवाडीच्या बाजूला एका संघटनेच्या कुळांनी वायंगणासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातासाठी, काही कुणगे पुन्हा काढले आहेत, तिथे जुना हलका ट्रॅक्टर हवा आहे, हेही त्यांच्या कानावर घातलंय. फेरीत चढवता येईल का, एवढीच काकांनी चौकशी केली, आणि लोखंडी चाकं मांगराच्या माळ्यावर आहेत, ती खाली काढायला चार माणसं लागतील असं सांगितलं. त्यातली एक मी. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुणाच्या मांगरात असा ट्रॅक्टर ताडपत्रीखाली असेल, तर भंगारवाल्याआधी टाकीतलं डिझेल बघा, आणि होंड्याच्या मेस्त्रींना विचारून या.